मधल्यावर विश्वास न ठेवता: एंटँगलमेंट नेटवर्कच्या सिम्युलेशनच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

अर्जात प्रकल्पाचं नाव लांबलचक आहे. करायचं ते एवढंच: पायथॉनमध्ये एक छोटं क्वांटम नेटवर्क उभं करायचं. त्याची दोन टोकं गुंतलेल्या फोटॉनच्या जोड्यांवरून (एंटँगलमेंट म्हणजे हा गुंता: दूर असूनही दोघांची मोजमापं एकमेकांशी जुळतात) एक गुप्त किल्ली तयार करतील. निरोप या फोटॉनवरून जात नाही. तो नेहमीच्याच इंटरनेटवरून जाणार, फक्त या किल्लीने कुलूपबंद होऊन. ही गोष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवतोय, कारण ज्याला प्रकल्प सांगावा तो "म्हणजे निरोप प्रकाशापेक्षा वेगाने जाणार का?" असं विचारतो. नाही जाणार.

मार्गदर्शक मॅडमनी आज एक चांगली सवय लावून दिली. कॉन्फिगच्या फाइलमध्ये प्रत्येक घटकापुढे एक जादा रकाना ठेवायचा: "विश्वास हवा का?" स्रोत, फायबर, मधला नोड, डिटेक्टर, घड्याळ, सगळ्यांना. सुरुवातीला सगळीकडे "हो". जिथे सिद्धता देता येईल तिथेच "नाही" करायचं.

तुलनेसाठी आजचं वास्तव. बीजिंग ते शांघाय ही सुमारे २००० किलोमीटरची क्वांटम किल्लीची वाट ३२ विश्वासू नोडवरून जाते. प्रत्येक नोडमध्ये किल्ली उलगडते, साध्या बिटच्या रूपात पडून असते, आणि पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा झाकली जाते. म्हणजे त्या खोल्यांपैकी एकीत जरी कोणी शिरलं तरी पदार्थविज्ञानाचा काही उपयोग नाही, खोलीच्या दाराचं कुलूपच काय ते खरं. आमच्या रकान्यात त्या वाटेला ३२ वेळा "हो" लिहावं लागेल.

९ जानेवारी

प्रोटोकॉलची निवड झाली. एकर्टने १९९१ मध्ये एंटँगलमेंटवरची पद्धत मांडली, त्यात बेलच्या असमानतेची कसोटी हाच पहारेकरी. पुढच्याच वर्षी बेनेट, ब्रासार्ड आणि मर्मिन यांनी दाखवलं की बेलची कसोटी न घेताही काम भागतं: दोन्ही बाजूंनी दोन पायांपैकी (पाया म्हणजे मोजण्याची ठरलेली दिशा) एक निवडून मोजायचं, पाया जुळला तिथले बिट ठेवायचे आणि त्यातले काही उघड करून त्रुटी मोजायच्या. किल्ली या दुसऱ्या पद्धतीने काढायची आणि सोबत S ही मोजायचा, असं ठरवलं. S म्हणजे बेलच्या कसोटीचा आकडा, १९६९ ची सीएचएसएच राशी: कुठल्याही स्थानिक, आधीच ठरलेल्या उत्तरांनी ती २ च्या वर जात नाही, क्वांटम जोडीने २.८२८ पर्यंत जाते.

पहिला रन चोराविना. S २.८३ च्या आसपास, त्रुटी शून्य. मग ईव्हला, म्हणजे चोराला, बसवलं. ती बॉबकडे (दुसऱ्या टोकाकडे; पहिलं टोक ॲलिस) जाणारा प्रत्येक फोटॉन मधेच मोजते आणि स्वतःच्या उत्तरासारखा नवा पाठवते. त्रुटी २५ टक्के, S १.४१. कागदावरही हेच येतं. फोटॉनची हुबेहूब नक्कल करता येत नाही (वूटर्स-झुरेक आणि डीक्स, १९८२), त्यामुळे ईव्हला मोजण्यावाचून गत्यंतर नाही, आणि मोजलं की गुंता सुटतो.

इथे पहिलं "नाही" लिहिलं: स्रोत. जोड्या बनवणारा स्फटिक ईव्हच्याच घरात असला तरी चालतो. तिने गुंतलेल्या जोड्यांऐवजी स्वतः ठरवलेले फोटॉन पाठवले तर आकड्यात ते उघडं पडतं. माझ्या मते एंटँगलमेंटची खरी मिळकत हीच. १९८४ च्या बेनेट-ब्रासार्ड पद्धतीत पाठवणाऱ्याला स्वतःच्या लेझरची हमी घ्यावी लागते. इथे जोडी कोणी बनवली ते विचारायचंच कारण नाही.

१५ जानेवारी

ईव्हला थोडं शहाणं केलं. ती आता सगळे फोटॉन अडवत नाही, काहीच अडवते. हा प्रयोग मला वाटला होता त्यापेक्षा जास्त शिकवून गेला, म्हणून सविस्तर.

अडवण्याचं प्रमाण f धरलं, तर जोडीची दृश्यमानता (गुंता किती शाबूत आहे याचं माप, पूर्ण असेल तर १) V = १ − f/२ होते, S = २.८२८ × V आणि त्रुटी (१ − V)/२. आता f निम्मा ठेवा. V ०.७५, S २.१२. बेलची असमानता मोडली! लोकप्रिय लेखांतल्या भाषेत "एंटँगलमेंट सिद्ध, म्हणून संवाद सुरक्षित". पण त्रुटी पाहा: १२.५ टक्के. एकमार्गी दुरुस्तीने या पद्धतीतून किल्ली काढायची मर्यादा सुमारे ११ टक्के आहे, म्हणजे हाती शून्य. S ला २ पर्यंत खाली आणायला ईव्हला जवळजवळ ५९ टक्के फोटॉन अडवावे लागतात. त्याच्या बऱ्याच आधी किल्ली मेलेली असते.

तेव्हा S > २ ही सुरक्षिततेची पावती नाही, फार तर दारावरची पहिली तपासणी. किती किल्ली उरली हे वेगळ्या सूत्रातून येतं. प्रत्येक चाळलेल्या (पाया जुळला म्हणून ठेवलेल्या) बिटमागे आदर्श हिशेबात १ − २h(Q) एवढी, जिथे Q त्रुटीदर आणि h शॅननची द्विमान एंट्रॉपी, म्हणजे अनिश्चिततेचं माप. एक h त्रुटी दुरुस्त करताना उघड्यावर सांडलेल्या माहितीचा, दुसरा ईव्हला आधीच कळलं असेल त्याचा. नॉईज फायबरचा की ईव्हचा हे वेगळं काढता येत नाही, म्हणून सगळाच ईव्हच्या नावावर मांडायचा. हिशेब कंजूष आहे, पण सिद्धता त्याच कंजूषपणावर उभी आहे.

डॅशबोर्डवर S चा मोठा हिरवा आकडा होता. तो लहान केला, वर Q आणि उरलेली किल्ली आणली.

१७ जानेवारी

छोटी नोंद. S मधली सांख्यिकीय चूक चारही कोनजोड्यांना प्रत्येकी N नोंदी असतील तर साधारण √(२/N). २०० नोंदींवर ±०.१, २०,००० वर ±०.०१. कमी नोंदींवर आलेला २.८५ पाहून जोडीदाराने "क्वांटमच्याही वर गेलो की" म्हटलं. चूक-पट्टी काढून दिली, आता प्रत्येक आलेखावर ती सक्तीची.

२४ जानेवारी

फायबर जोडली आणि सगळा उत्साह डेसिबलमध्ये मोजायची वेळ आली.

१५५० नॅनोमीटरला चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल जातात. १०० किलोमीटरला २० डेसिबल, म्हणजे शंभरातला एक फोटॉन. स्रोत मधोमध ठेवला तरी जोडीच्या दृष्टीने फरक नाही: दोन्हीकडे ५० किलोमीटर, दोन्हीकडे दहातला एक, आणि दोघेही पोचायची शक्यता पुन्हा शंभरात एक. सेकंदाला दहा लाख जोड्यांचा स्रोत १०० किलोमीटरवर दहा हजार जोड्या पोचवतो. ५०० किलोमीटरवर तोच स्रोत जवळजवळ तीन तासांना एक जोडी. नेहमीच्या दूरसंचारासारखा मधे ॲम्प्लिफायर लावता येत नाही. नक्कल बंदीचा नियम ईव्हला जसा आडवा येतो तसाच आपल्यालाही.

दुसरं दुखणं चुकीच्या जोड्यांचं. दोन डिटेक्टर योगायोगाने एकाच खिडकीत वाजले की प्रोग्राम त्यांना जोडी समजतो. असे योगायोग दोन्हीकडचे एकेरी दर गुणिले खिडकीची रुंदी इतके. दोन्हीकडे सेकंदाला ५०,००० आणि खिडकी १ नॅनोसेकंद असेल तर सेकंदाला अडीच. खऱ्या जोड्या १०० असतील तर त्रुटीत सव्वा टक्क्याची भर. खिडकी ४ नॅनोसेकंद केली की योगायोग १० आणि भर साडेचार टक्के. खिडकी फारच आवळली तर डिटेक्टरच्या वेळेतल्या थरथरीमुळे खऱ्या जोड्याच गळतात. ही एक राशी हाताने ठरवू नये, प्रत्येक अंतराला प्रोग्रामनेच शोधावी.

अंतरावरचा एक उपाय म्हणजे आकाश, कारण निर्वातात प्रकाश शोषला जात नाही. २०१६ मध्ये सोडलेल्या मिशियस उपग्रहाचे दोन निकाल शेजारी ठेवण्यासारखे आहेत. २०१७ मध्ये बीजिंग आणि व्हिएन्ना यांच्यात सुमारे ७,६०० किलोमीटरवरून किल्लीबंद व्हिडिओ संभाषण झालं; त्यात दोन्ही किल्ल्या उपग्रहाला माहीत होत्या, म्हणजे रकान्यात ठळक "हो". २०२० मध्ये त्याच उपग्रहाने १,१२० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांना गुंतलेल्या जोड्या वाटल्या. किल्ली उपग्रहालाही कळली नाही. रकान्यात "नाही", आणि दर सेकंदाला ०.१२ बिट. २५६ बिटच्या एका किल्लीला ३५ मिनिटांहून जास्त दर्शनकाळ, आणि उपग्रह एका फेरीत दोन्ही केंद्रांना काही मिनिटंच दिसतो. "हो" चं "नाही" करायची किंमत इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. पहिली बातमी जास्त गाजली. मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते.

३ फेब्रुवारी

रिपीटर, म्हणजे छोटे दुवे जोडून लांबची वाट करणारा मधला नोड. तत्त्व १९९३ चं: A–B आणि C–D अशा दोन गुंतलेल्या जोड्या असतील आणि मधल्या माणसाने B व C यांचं एकत्र बेल-मापन (दोघांमधलं नातं कोणतं एवढंच सांगणारं मोजमाप) केलं, तर कधीच न भेटलेले A आणि D गुंततात. याला स्वॅपिंग म्हणतात. मधल्याला किल्लीतलं काहीच कळत नाही. तो फक्त "चारपैकी हा निकाल आला" एवढं जाहीर करतो आणि ते सगळ्या जगाला कळलं तरी बिघडत नाही. तो खोटं बोलला तर त्रुटी वाढते आणि टोकांना कळतं. म्हणून मधल्या नोडपुढे "नाही". याच एका शब्दासाठी प्रकल्प हाती घेतला होता.

पण प्रत्येक स्वॅपला दृश्यमानतांचा गुणाकार होतो. प्रत्येक दुव्याला V = ०.९७ धरून साखळी लांबवत नेली:

१ दुवा: त्रुटी १.५ टक्के, बिटमागे किल्ली ०.७८
२ दुवे: ३.० टक्के, ०.६२
४ दुवे: ५.७ टक्के, ०.३७
८ दुवे: १०.८ टक्के, ०.०१
१६ दुवे: १९.३ टक्के, काही नाही. S सुद्धा १.७४

आठ दुव्यांचा तो ०.०१ फसवा आहे. सूत्रात त्रुटी-दुरुस्ती आदर्श धरली आहे. प्रत्यक्षात शॅननच्या मर्यादेपेक्षा १० ते १५ टक्के जास्त माहिती उघड करावी लागते. १५ टक्के धरले की आठ दुव्यांचा आकडा ऋण होतो. म्हणजे ०.९७ चे दुवे घेऊन आठापर्यंत जायचंच नाही, किंवा वाटेत शुद्धीकरण करायचं: दोन मळकट जोड्या खर्चून एक स्वच्छ मिळवायची.

१० फेब्रुवारी

कालपर्यंत मेमरी (दुसरा दुवा जुळेपर्यंत पहिला धरून ठेवणारी) आदर्श होती. आज तिला विसरायला शिकवलं.

मांडणी: ५० किलोमीटरचे दोन दुवे, मधे मेमरी. फोटॉन जायला २५० मायक्रोसेकंद आणि "पोचला" हा निरोप परत यायला तेवढेच, म्हणजे प्रयत्नामागे अर्धा मिलिसेकंद. यशाची शक्यता प्रयत्नामागे २ टक्के धरली. एका दुव्याला सरासरी २५ मिलिसेकंद. दोन्ही दुवे हवेत तर दुप्पट लागत नाही, दीडपटच. दोन्ही एकाच वेळी प्रयत्न करत असतात. सरासरी ३७.५ मिलिसेकंद, सेकंदाला सत्तावीसएक जोड्या. इथवर आनंद.

आता पहिला यशस्वी दुवा दुसऱ्याची वाट बघत बसतो, सरासरी २५ मिलिसेकंद. मेमरीचा टिकाऊपणा १०० मिलिसेकंद धरला. चौपट आहे, पुरेल असं वाटतं. पण सरासरी दृश्यमानता आणखी ०.८ ने गुणली जाते. एकूण ०.७५, त्रुटी १२.४ टक्के, किल्ली शून्य. सरासरीएवढी वाटच परवडत नाही, अधूनमधून येणाऱ्या लांबलचक वाटा तर नाहीतच.

उपाय साधा आणि थोडा निर्दय: १० मिलिसेकंदांत दुसरा दुवा जुळला नाही तर पहिलाही टाकून द्यायचा. जोड्या सेकंदाला सुमारे १६ वर येतात, त्रुटी ५.१ टक्क्यांवर, आणि बिटमागे ०.४२ किल्ली मिळते. हाताशी आलेली गुंतलेली जोडी फेकायची म्हटल्यावर जोडीदाराचा जीव कासावीस झाला. आलेख दाखवल्यावर तयार झाला.

एक प्रामाणिक टीप इथेच. १०० किलोमीटरसाठी हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे, थेट फायबर हजारो जोड्या देते. रिपीटरचं राज्य त्याच्या पुढे सुरू होतं, जिथे थेट वाट घातांकी वेगाने कोरडी पडते. ब्रीगल, ड्युर, सिराक आणि झोलर यांनी १९९८ मध्ये ही दिशा दाखवली. डेल्फ्टच्या गटाने हिऱ्यातल्या दोषांवर तीन नोडचं नेटवर्क २०२१ मध्ये दाखवलं. शेकडो किलोमीटरला थेट फायबरवर मात करणारा रिपीटर मात्र अजून प्रयोगशाळेच्या बाहेर आलेला नाही.

१४ फेब्रुवारी

दोनाऐवजी अनेक ग्राहक. मधे एकच स्रोत, वेगवेगळ्या तरंगलांबीच्या जोड्या वेगवेगळ्या ग्राहकांना. प्रत्येकाचा प्रत्येकाशी दुवा हवा तर n ग्राहकांना n(n−१) वाहिन्या. व्हिएन्नात २०१८ मध्ये चार ग्राहक १२ वाहिन्यांवर जोडले. याच हिशेबाने आठांना ५६ लागल्या असत्या. ब्रिस्टलमध्ये २०२० मध्ये बीम स्प्लिटर (प्रकाश वाटून देणारा घटक) मधे घालून १६ मध्ये भागवलं. किंमत अर्थात योगायोगांच्या वाढीत. आम्ही दुसरी मांडणी उचलली.

रकान्यात स्रोताला "नाही" आहेच, पण आज त्याला तळटीप जोडली. मधल्यावर गुप्ततेसाठी विश्वास नको, उपलब्धतेसाठी हवा. त्याने स्रोत बंद केला, किंवा एकाच जोडीला उपाशी ठेवलं, तर सिद्धता काही करू शकत नाही. शिवाय कोण कोणाशी किल्ली बनवतंय हे त्याला दिसतंच. निरोपाचा मजकूर झाकला म्हणजे निरोप गेल्याची बातमी झाकली असं नाही.

१८ फेब्रुवारी

मॅडम आल्या, कोड पाहिला, आणि एकच प्रश्न: "ॲलिसला कसं कळलं की पलीकडे बॉबच आहे?"

तो प्रसंगही चालवून पाहिला. ईव्ह ॲलिसशी बॉब म्हणून बोलते आणि बॉबशी ॲलिस म्हणून. दोन स्वतंत्र, निर्मळ दुवे. दोन्हीकडे S २.८३, त्रुटी शून्य, डॅशबोर्ड हिरवागार, आणि दोन्ही किल्ल्या ईव्हच्या हातात. एंटँगलमेंट तिथे काहीच करू शकत नाही, कारण क्वांटम नियमांचा भंग कुठे झालेलाच नाही.

म्हणून पाया आणि त्रुटींची जी उघड बोलणी होतात ती प्रमाणित हवीत. जुना भरवशाचा मार्ग वेगमन-कार्टरचा: आधी वाटून घेतलेल्या लहान गुप्त किल्लीने प्रत्येक निरोपाला शिक्का मारायचा, ईव्हकडे कितीही मोठा संगणक असो, शिक्का बनावट करता येत नाही. थोडी किल्ली खर्च होते, नव्या किल्लीतून ती भरून काढायची. म्हणजे हे यंत्र शून्यातून किल्ली बनवत नाही, असलेल्या छोट्या किल्लीची मोठी करतं.

आठ ग्राहकांना अशा २८ प्राथमिक किल्ल्या हाताने पोचवाव्या लागतात. पर्याय: क्वांटम संगणकालाही टिकेल अशी गणिती सही. अमेरिकेच्या नीस्ट संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अशी मानकं जाहीर केली आहेत. यात एक सोय आहे. सही किल्ली बनवण्याच्या क्षणी अभंग असली की पुरे. दहा वर्षांनी ती मोडली तरी आज बनलेली किल्ली उघडत नाही. मग कोणी विचारेल, सहीवर विश्वास आहे तर त्याच गणिताने किल्लीही बनवा, क्वांटम कशाला? प्रश्न रास्त आहे. रोजच्या बहुतेक कामांना माझंही उत्तर तेच. आज चोरून साठवलेलं पुढे कधीतरी उलगडेल ही भीती जिथे खरी आहे, तिथेच हा खर्च शोभतो.

रकान्यात "प्रमाणीकरण: हो".

२६ फेब्रुवारी

डिटेक्टर. २०१० मध्ये संशोधकांनी दाखवलं की बाजारातल्या यंत्रांच्या डिटेक्टरवर तेजस्वी प्रकाश सोडला की ते एकेक फोटॉन मोजायचं सोडून साध्या प्रकाशमापकासारखे वागतात, आणि मग कुठला केव्हा वाजेल ते चोर ठरवतो. त्रुटी वाढत नाही. पुढच्या वर्षी याच मार्गाने बेलची असमानताही खोटी मोडून दाखवली गेली. आमच्या सिम्युलेशनमध्ये डिटेक्टर हे निरागस फंक्शन आहे, त्यामुळे इथे "हो" लिहिण्यावाचून इलाज नाही.

"नाही" करायचे दोन मार्ग. एक, २०१२ चा: डिटेक्टरच टोकांवरून उचलून मधल्या अविश्वासू नोडमध्ये टाकायचे, दोन्ही टोकांनी फक्त पाठवायचं. व्यवहार्य आहे, पण मग टोकांच्या स्रोतांची हमी पुन्हा आपल्यावर येते. दुसरा, यंत्रांवरच विश्वास न ठेवणारा: सुरक्षितता केवळ S आणि Q या आकड्यांतून सिद्ध करायची. इथे S ला त्याचा मान परत मिळतो. नॉईजची मर्यादा ११ वरून ७.१ टक्क्यांवर येते, आणि न वाजलेले फोटॉन वगळायची मुभा राहत नाही. मूळ पद्धतीत शंभरातले नव्वदहून जास्त फोटॉन मोजले गेले पाहिजेत. शंभरातला एक पोचवणाऱ्या फायबरवर हे थेट शक्यच नाही. मधे "जोडी जुळली" अशी दवंडी देणारं स्वॅपिंग हवं, म्हणजे मोजणी जुळलेल्या जोड्यांचीच होते.

२०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने अडकवून ठेवलेल्या दोन आयनांवर हे करून दाखवलं: सुमारे आठ तासांत १५ लाख जोड्या, ९५,६२८ बिटची किल्ली, आयनांमधलं अंतर जेमतेम दोन मीटर. म्युनिकला त्याच वर्षी ४०० मीटरवर अणू गुंतवून कसोटी जमली.

५ मार्च

रकान्याची आजची स्थिती. स्रोत, फायबर, स्वॅपिंगचा नोड: नाही. प्रमाणीकरण, डिटेक्टर, पाया निवडणारा यादृच्छिक संख्यांचा स्रोत: हो. घड्याळ कुठे टाकावं यावर अजून वाद आहे. ते चुकलं तर जोड्या हरवतात, किल्ली फुटत नाही, म्हणून मी "फक्त उपलब्धतेसाठी" असं लिहिलं; मॅडमना सिद्धता लेखी हवी आहे.

पुढचं काम मर्यादित नोंदींचा हिशेब. वरचे सगळे किल्लीचे आकडे अनंत जोड्या धरून आहेत. सेकंदाला १६ जोड्या मिळणाऱ्या दुव्यावर अनंत कुठून आणायचं? गुप्ततावर्धनाचं (किल्ली आखूड करून ईव्हला कळलेलं निरुपयोगी करायचं) टोप्लिट्झ मॅट्रिक्स लिहून झालं आहे. किमान किती बिटचा गठ्ठा जमवल्यावर त्यातून शून्याहून जास्त किल्ली निघते, याचा रन १० मिलिसेकंदांच्या मर्यादेसह लावला आहे. मर्यादा ५ आणि २० ला तोच रन पुन्हा घ्यायचा, मग आठ ग्राहकांची मांडणी.